मुलाचं पहिलं उत्तर

(नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोरा येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छापताना बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे. वेळेअभावी गाळलेला काही भाग परत घातला आहे.)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमता, त्यांची एक सवय आयोजकांनी मला सांगितली. उत्तर चुकलं म्हणून ते मुलाला खाली बसवत नसत. "असं का वाटलं तुला?" एवढंच विचारत, आणि पोरगं सांगेपर्यंत थांबत. माझं आजचं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाभोवतीच आहे. मुलाच्या डोक्यात संकल्पना तयार होते म्हणजे नेमकं काय होतं, शाळा त्यात कुठे हात घालते आणि कुठे नुसतीच वरून निघून जाते, हे मला तुमच्यासमोर मांडायचं आहे.

एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो?

सहावी-सातवीच्या कुठल्याही वर्गात विचारा, एका सुरात उत्तर येतं: डोक्यावर. पालकांना विचारा, शिक्षकांना विचारा, उत्तर तेच. आता शाळेच्या अंगणात एक मीटरची सरळ काठी ओळंबा लावून उभी करा. 22 डिसेंबरला, किंवा त्याच्या आगेमागे तीन-चार दिवसांत. सकाळी अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एकेक खडा ठेवत चला. सावली आखडत जाते आणि सगळ्यात आखूड होते ती बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. आपली घड्याळं चालतात 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताच्या वेळेवर, आणि नंदुरबार त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडा जास्त फरक. आता त्या सगळ्यात आखूड सावलीला पट्टी लावा. ती जवळजवळ एक मीटर भरते. जेवढी काठी, तेवढीच सावली! भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिज आणि डोकं यांच्या बरोबर मधोमध, 45 अंशांवर उभा असतो.

धानोरा परिसर साधारण 21.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच: मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि जुलैत आभाळ भरलेलं. म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर आलेला इथल्या मुलाला शाळेच्या अंगणात सहसा दिसतच नाही. तरी उत्तर काय, तर डोक्यावर!

हे उत्तर आलं कुठून? थोडं बोलण्यातून, कारण मोठी माणसं तसं म्हणतात. थोडं चित्रांतून. थोडं अंगाला बसणाऱ्या चटक्यातून. आपण नेहमी म्हणतो की मूल अनुभवातून शिकतं. इथे तर रोजचा अनुभव पायाशी सावली होऊन पडलेला आहे आणि तो नेमकं उलट सांगतो आहे; पण डोक्यात आधी बसलेल्या कल्पनेमुळे त्या सावलीकडे कुणी बघत नाही. संकल्पनेचा पहिला गुण हाच की ती आपल्याला काय बघायचं ते शिकवते. काय बघायचं नाही, हेही तीच ठरवते.

काठीचा हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती असते. काठी उभी करण्याआधी प्रत्येक मुलाला वहीत लिहायला लावा: दुपारी सावली केवढी असेल? "नसेलच", "बोटभर", "वीतभर" अशी उत्तरं येतात. लिहिलेलं असलं की मूल त्या उत्तराला बांधलं जातं आणि मग निरीक्षणात त्याचा जीव अडकतो. सावली काठीएवढी भरली की काही पोरं म्हणतात, "सर, काठी वाकडी लागली असेल." मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. हातातला पुरावा डोक्यातल्या कल्पनेशी जुळेना, म्हणून मुलानं साधनावर शंका घेतली. शास्त्रज्ञही आधी हेच करतात. मग ओळंबा पुन्हा लावायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं, दुसऱ्या गटाला त्यांची स्वतःची काठी रोवायला सांगायची. कल्पना एका दिवसात पडत नाही, आणि ती पडत नाही म्हणून मुलाला मठ्ठ म्हणायचं कारण नाही.

आता याच सूर्याच्या बाबतीत थोडं दूर जाऊ. उन्हाळा का होतो, असं विचारलं की बहुतेक मुलं सांगतात, "तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ येते." 1987 साली अमेरिकेत एक माहितीपट निघाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात 23 जणांना ऋतूंचं किंवा चंद्रकलांचं कारण विचारलं होतं. त्यांच्यापैकी 21 जण चुकले. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठातली माणसं, अंगावर पदवीचे झगे, आणि उत्तर आपल्या पाचवीतल्या मुलाचं! पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैत ती 15.2 कोटी किलोमीटरवर असते. नंदुरबारला हुडहुडी भरते तेव्हा सूर्य जवळ असतो. पण शेकोटीजवळ बसलं की ऊब लागते आणि लांब सरकलं की कमी होते, हे ज्ञान मुलाला चालायला लागल्यापासून आहे, आणि ते खरंही आहे. चूक आहे ती ते नको तिथे लावण्यात. मुलांच्या बहुतेक चुका अशाच असतात: एका जागी खऱ्या ठरलेल्या गोष्टीला दुसऱ्या जागी कामाला लावलेलं असतं.

ज्याँ पियाजे या स्विस अभ्यासकानं 1920 च्या दशकात मुलांना सूर्य, चंद्र, वारा, ढग यांच्याबद्दल प्रश्न विचारले आणि उत्तरं जशीच्या तशी टिपून घेतली. सूर्य आपल्याबरोबर चालतो, असं लहान मुलं त्याला सांगत. आपल्याकडे बैलगाडीत बसलेलं मूल चांदोबाबद्दल तेच सांगतं. पियाजेचं मोठेपण हे की तो या उत्तरांना हसला नाही. त्यानं त्यांच्यामागची रीत शोधली. पुढे 1990 च्या दशकात स्टेला वोस्नियादू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मनातली पृथ्वी कशी असते याचा अभ्यास केला. पृथ्वी गोल आहे, हे वाक्य मुलांना पाठ होतं. पण खोदून विचारल्यावर कुणाची पृथ्वी भाकरीसारखी चपटी गोल निघाली, कुणाची आतून पोकळ आणि माणसं आत तळाशी उभी, तर कुणाच्या दोन पृथ्व्या निघाल्या: एक आभाळातली गोल, दुसरी पायाखालची सपाट. हैदराबादच्या मुलांमध्येही असाच अभ्यास झाला, तेव्हा पाण्यावर तरंगणारी पृथ्वी बऱ्याच मुलांच्या बोलण्यात आली. ती घरातल्या गोष्टींमधून आलेली होती.

विद्वानांमध्ये यावर वाद आहे. काहींच्या मते मुलाच्या डोक्यात एक सलग, आपल्या परीनं सुसंगत चित्र असतं. दुसऱ्या काहींच्या मते तिथे नुसते सुटे तुकडे असतात आणि प्रश्न कसा विचारला त्यावर कुठला तुकडा वर येणार ते ठरतं. मला स्वतःला विषयाप्रमाणे दोन्ही खरं वाटतं. पण शिक्षकाचं काम दोन्ही बाजूंनी सारखंच राहतं. शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी मुलाच्या मनात काय आहे ते बाहेर काढायचं, आणि एकाच प्रश्नावर विसंबायचं नाही.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्तीतल्या मुलांबरोबर खगोलाच्या संकल्पनांवर काम केलं. गोल पृथ्वी समजायला मुलांना चेंडू दाखवून भागत नाही, फळ्यावर वर्तुळ काढूनही भागत नाही. मधल्या जागेत हात आणि अंग लागतं. स्वतःभोवती फिरून बघायचं, हातानं दिशा दाखवायच्या, मग कागदावर आकृती काढायची. मला हे मनापासून पटतं. आपल्याकडे आकृती काढून घेतात ती उतरवण्यासाठी. आकृती काढत काढत विचार करायचा असतो, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता जरा शेतात जाऊ, कारण तुमच्या मुलांना सगळ्यात जास्त कळतं ते तिथलं.

सातवीच्या एका वर्गात मी विचारलं, "बी चिमूटभर असतं आणि त्यातून एवढं मोठं झाड होतं. मग त्या झाडाचं लाकूड कुठून आलं?" हात वर झाले. "मातीतून." "खतातून." "पाण्यातून." मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मिरचीला खत टाकलं नाही तर ती वाढत नाही. आमच्या शेतात यंदा कमी टाकलं, तर झाड खुजंच राहिलं." याहून चांगला पुरावा दुसरा कुठला असणार? मी विचारलं, "प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?" तीच मुलगी उभी राहिली आणि तिनं पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. कर्बवायू आला, हरितद्रव्य आलं, सूर्यप्रकाश आला, एक शब्द चुकला नाही. मी म्हटलं, "मग लाकूड कशातून आलं?" ती पुन्हा म्हणाली, "खतातून."

तिच्याजवळ दोन वह्या आहेत. एक शेताची, एक शाळेची. दोन्हींत नीट लिहिलेलं आहे आणि एकीतलं दुसरीत उतरत नाही. शाळेनं तिला दुसरी वही दिली आणि पहिली कधी उघडून पाहिलीच नाही.

हा प्रश्न विज्ञानालाही सोपा गेलेला नाही. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या व्हान हेल्मॉन्ट यांनी 200 पौंड वाळवलेल्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला नुसतं पाणी घातलं. झाड भरलं 169 पौंड. माती वाळवून पुन्हा तोलली, तर ती घटली होती फक्त दोन औंस. लाकूड मातीतून आलेलं नाही, हे त्यांनी तराजूवर दाखवून दिलं. मग त्यांनी निष्कर्ष काढला की ते पाण्यातून आलं! वायूंचा अभ्यास करणारा हा माणूस, पण हवा झाडाच्या अंगात जाऊन लाकूड होते हे त्यांनाही सुचलं नाही. पुढच्या शतकात प्रीस्टली, इंगेनहाऊझ, सेनेबिए आणि मग द सोस्यूर या सगळ्यांचं काम एकावर एक रचलं गेलं, तेव्हा कुठे ते उमगलं. ज्याला दीडशे वर्षं लागली ते आपण पस्तीस मिनिटांच्या तासिकेत उरकतो.

त्या मुलीचं अडलं कुठे? वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतून येतो. पण तिच्या दृष्टीनं हवेला वजनच नाही. ज्याला वजन नाही त्यातून शंभर किलोचं खोड कसं तयार होईल? तिचा तर्क बिनचूक आहे. खालची पायरी रिकामी आहे. प्रकाशसंश्लेषण शिकवण्याआधी तिला हवा तोलायला हवी होती. मग मी वर्गाला खोली मोजायला लावली. लांबी सात मीटर, रुंदी सहा, उंची तीन. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आतबाहेर. गुणाकार झाला आणि वर्ग गप्प झाला. त्या खोलीतली हवा जवळजवळ दीड क्विंटल होती. क्विंटल म्हणजे काय ते या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. मिरचीची पोती त्यांनी उचललेली आहेत. त्या दिवशी लाकडाचं कोडं सुटलं असं मी म्हणणार नाही. पण हवा त्यांच्या हिशेबात आली. आणि खताचं काय? तेही टाकून द्यायचं नाही. खतातून येणारं नत्र, स्फुरद, पालाश वजनानं थोडं, पण त्यावाचून झाडाचा कारखाना चालत नाही. मुलीचं निरीक्षण खरं होतं. पुस्तकातलं वाक्यही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे सांगणारं कुणी मध्ये उभं नव्हतं.

गणितात हीच फारकत जास्त उघडी पडते. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, असं विचारलं की कितीतरी मुलं वरचे आकडे वर आणि खालचे खाली मिळवून दोन पंचमांश लिहितात. आता अर्ध्या भाकरीत तिसरा हिस्सा आणखी घातला आणि अर्धीपेक्षाही कमी भाकरी झाली, असं कधी होईल का? त्याच मुलाला ताटात वाढून विचारा, ते कधीच फसणार नाही. वहीतल्या त्या आकड्यांना भाकरीचा वासच लागलेला नसतो. तसंच, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, तर "चतुर्थांश, कारण चार मोठा". पूर्णांकांचा नियम त्याला इतका पक्का बसला आहे की तो अपूर्णांकातही तोच चालवतो. म्हणून होमी भाभा केंद्रातल्या के. सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपूर्णांकाची सुरुवात वाटणीपासून करायचा मार्ग धरला: तीन भाकऱ्या चार जणांत वाटल्या तर प्रत्येकाला किती? मग वाटेकरी वाढले की वाटा घटतो हे सांगावं लागत नाही. ज्या घरात पाहुणे येतात त्या घरातल्या प्रत्येक पोराला ते माहीत असतं.

नंदुरबारच्या आठवडे बाजारात आईशेजारी बसून भाजी विकणारं मूल तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. पाव किलोचे किती, दीड किलोचे किती, शंभराच्या नोटेतून परत किती, सगळं तोंडी. हेच मूल वर्गात हातच्याची वजाबाकी करताना अडखळतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात 1980 च्या दशकात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबाबत हे पद्धतशीर नोंदवलं गेलं. 2025 साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,400 हून अधिक मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या अभ्यासकांमध्ये आहेत. तिथेही तेच दिसलं, आणि त्याची दुसरी बाजूही दिसली: शाळेत कागदावर बरी गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबात गडबडली. म्हणजे पूल दोन्हीकडून तुटलेला आहे. बाजारातलं पोरगं हुशार आणि शाळा निकामी, असं म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. मला ते म्हणायचं नाही. बाजारातलं गणित ठरावीक वजनांपुरतं आणि ठरावीक भावांपुरतं चालतं. जे कुठल्याही संख्येला लागू पडतं ते बीजगणित शाळेतच मिळतं आणि या मुलांना ते मिळालंच पाहिजे. त्यांची नर्मदा-तापीच्या काठची हुशारी तिथपर्यंत नेणारी वाट शाळेनं बांधायची आहे.

आता भाषेकडे येतो, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

या जिल्ह्यात दर तिघांपैकी दोघांहून जास्त माणसं आदिवासी समाजांतली आहेत. घरात भिली, पावरी, मावची, कोकणी बोलली जाते. बाजारात अहिराणी किंवा गुजराती. आणि पुस्तकात प्रमाण मराठी. सहा वर्षांचं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याच्याजवळ हजारो गोष्टींची नावं असतात. झाडांचे प्रकार, जनावरांचे आजार, पावसाचे रंग, नातीगोती. वर्गात पाऊल ठेवताच हे सगळं बाहेर चपलांजवळ राहतं. संकल्पना तयार होताना मूल मनातल्या मनात बोलत असतं, आणि मन बोलतं ते घरच्या भाषेत. ते बोलणंच बंद पाडलं की उरतं फक्त पाठांतर.

हे ओळखून काम करणारी माणसं आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी होऊन गेली. 1974 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं होमी भाभा केंद्र सुरू केलं. त्याचे पहिले संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी. ते भौतिकशास्त्रज्ञ होते. सुरुवातीच्या वर्षांतच त्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळा कामासाठी निवडल्या. खेड्यातल्या मुलांना विज्ञान कळत नाही, या समजाच्या मुळाशी ते गेले, तेव्हा भाषेचा अडसर किती मोठा आहे हे त्यांना दिसलं. पुस्तकातली वाक्यंच मुलांना आत शिरू देत नव्हती. भाषा सोपी करून पाठ दिले की वर्ग बोलका होतो, मुलं विचारू लागतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आज पन्नास वर्षांनीही शिक्षक प्रशिक्षणात खिरोद्याचं नाव क्वचितच निघतं. मला याचं वाईट वाटतं. ते काम दुसऱ्या देशात झालं असतं तर आपण त्याचं भाषांतर करून वाचलं असतं.

पुढे नर्मदाकाठी, अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरांत, नर्मदा बचाव आंदोलनानं जीवनशाळा काढल्या. चिमलखेडी, निमगव्हाण ही त्यांतली सुरुवातीची गावं. घरच्या भाषेत बोलत, गावातल्या गोष्टींतून आणि गावातल्याच तरुण शिक्षकांकडून मुलं तिथे शिकली. नर्मदेवरच्या धरणाच्या वादात कुणाची बाजू काहीही असो, पहिलीतल्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलावं ही त्यांची गोष्ट वादापलीकडची आहे.

2019 चा जून आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची एक जोडपद्धत दिली गेली: त्रेपन्नच्या जोडीला पन्नास तीन. डॉ. मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या. केवढा गदारोळ उठला! मराठी बुडाली इथपर्यंत बोलणं गेलं. मुद्दा मुळात मुलाच्या समजेचा होता. त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना पाच आधी येतो. म्हणून पहिली-दुसरीतलं मूल पस्तीस लिहून मोकळं होतं. मराठी घरातल्या मुलाला हे सावरायला वर्ष लागतं. ज्याच्या घरी आजी वीस-वीसच्या गटानं मोजते त्याला आणखी वेळ लागतो, कारण त्याच्या मनात संख्येची घडण वेगळी आहे. जुनी नावं तशीच ठेवून एक आधार दिला गेला होता. मला तो निर्णय योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. पण त्याहून पुढची गोष्ट अशी की आजीचं वीस-वीसनं मोजणं हे गणित आहे, अडचण नव्हे. तीन वीस आणि पाच म्हणजे किती, हा प्रश्न तिसरीच्या वर्गात घ्या. गुणाकार आणि बेरीज, दोन्ही एका वाक्यात सापडतात.

मधल्या काळात आपल्याकडे ज्ञानरचनावादाची लाट येऊन गेली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये मन लावून काम झालं आणि 2015 नंतर राज्यभर शाळांच्या फरशा रंगल्या. गोलांमध्ये अंक, चौकटींत अक्षरं, भिंतींवर तक्ते. काही शाळांत यामुळे खरोखर प्राण आला. पण बऱ्याच ठिकाणी रंग पोहोचला आणि संवाद पोहोचला नाही. मूल फरशीवर बसून आकडे जुळवत होतं आणि "असं का ठेवलंस?" हे विचारायला कुणी जवळ नव्हतं. पद्धत एका गावातून दुसऱ्या गावात शासन निर्णयानं जाते; ऐकण्याची सवय तशी जात नाही.

या भागातली आणखी एक अडचण आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला बोलणं संपवता येणार नाही. दिवाळीनंतर किती घरांना कुलपं लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर मुलंही जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. नेमक्या त्याच महिन्यांत वर्गात अपूर्णांक झालेले असतात, दशांश झालेले असतात. परत आलेलं मूल पुढच्या पाठात बसतं आणि त्याच्या पायाखालची फळी नसते. आपण त्याला "कच्चा" म्हणतो. कच्चा नाही तो. त्याचा एक दुवा सुटलेला आहे, आणि तो नेमका कुठला हे पंधरा मिनिटं त्याच्याशी बोललं तर सापडतो. फडावर त्यानं टनाचे, मोळ्यांचे, उचलीचे हिशेब ऐकलेले असतात. तिथून सुरुवात करता येते.

इथल्या शिक्षकांपुढे मी एक प्रस्ताव ठेवतो. शाळांच्या केंद्रातली शिक्षण परिषद दर महिन्याला होते. तिच्यातला एक तास मुलांच्या उत्तरांसाठी राखून ठेवा. प्रत्येकानं आपल्या वर्गातून चार-पाच वह्या आणायच्या, शक्यतो चुकलेल्या. नाव झाकायचं. एक चूक घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून शोधायचं की हे उत्तर ज्याला बरोबर वाटलं त्यानं काय विचार केला असेल. उपाय लगेच सुचवायचा नाही. ज्यांना भिली, मावची किंवा कोकणी येते अशा शिक्षकांनी तोच प्रश्न त्या भाषेत विचारून आणायचा आणि उत्तर बदललं का ते सांगायचं. जून ते डिसेंबर एवढं केलंत तरी या परिसरातल्या मुलांच्या समजुतींची एक वही तयार होईल, आणि ती कुठल्याही गाईडपेक्षा नव्या शिक्षकाच्या जास्त उपयोगी पडेल. सहामाही परीक्षेत प्रत्येक विषयाला एक तरी प्रश्न असा घाला की ज्याचं उत्तर पुस्तकातल्या वाक्यात नाही. "लाकूड कुठून आलं?" हा घाला. "अर्धा आणि एक तृतीयांश मिळून अर्ध्यापेक्षा कमी होईल का? का ते सांगा." हा घाला. त्या प्रश्नाला गुण द्या ते कारणाला.

पालकांना आणि आजी-आजोबांना एवढंच सांगतो की पोरगं शाळेतून आलं की "किती गुण पडले?" च्या आधी "आज काय विचारलंस?" हे विचारा. तुमच्या भाषेत विचारा.

सुरुवात कशानं करावी, असं सभेआधी इथल्या एका तरुण शिक्षिकेनं मला विचारलं होतं. ताई, अपूर्णांकानं करा. पाचवीत तो निसटला की टक्केवारी, गुणोत्तर, व्याज, वेग, घनता हे सगळं मागोमाग निसटत जातं, आणि ऊसतोडीवरून परतणाऱ्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. मार्च-एप्रिलमध्ये ती मुलं परत आली की पहिल्या आठवड्यात त्यांना पुढचा पाठ देऊ नका. तीन भाकऱ्या आणि चार जण, इथून सुरू करा, आणि ती काय म्हणतात ते लिहून ठेवा.